रोशनीच्या उड्यांची नावं

रोशनी रामटेकेने कधी कोणाला शिवी दिल्याचं मी ऐकलं नाही. कोणी तिचा अपमान केला, की ती त्या माणसाचं नाव आपल्या एखाद्या उडीला द्यायची. मग ती उडी रोज संध्याकाळी वीस-पंचवीस वेळा मारायची. ज्याचं नाव त्याच्याच डोळ्यांसमोर ती एकदा बिनचूक साधली, की नाव पुसून टाकायचं आणि त्या माणसाला मोकळं करायचं. ही तिची रीत मला फार उशिरा कळली, आणि कळली तेव्हा बरं वाटलं नाही.

भंडाऱ्याच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवते, तिथे ती शहापूरहून शेअर ऑटोने यायची. वडील राइस मिलमध्ये कामाला, आई अंगणवाडीत मदतनीस. सातवीत माझ्या वर्गात आली तेव्हा इतकी बारीक होती की दप्तरच तिला घेऊन येतंय असं वाटायचं. बाकावर टेकून कधी बसायची नाही. मधल्या सुट्टीत सगळ्या पोरी मैदानात, ही मात्र व्हरांड्याच्या कठड्यावर एका पायासमोर दुसरा पाय ठेवत चाललेली. मी ओरडले की खाली उतरायची, मी वळले की पुन्हा वर.

बोलणं अगदी कमी. एक वाक्य मात्र ठरलेलं, "ध्यानात ठेवतो." आमच्याकडे मुलीही ठेवतो, येतो असंच बोलतात. गुडघा वाकला म्हणून सर रागावले तरी हेच, आणि कोणी टोचून बोललं तरी हेच. आवाजही तोच. त्यामुळे ती नेमकं काय ध्यानात ठेवते आहे ते समोरच्याला कळायचं नाही.

सर म्हणजे भुरे सर. खेळाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले तरी संध्याकाळी शाळेमागच्या टिनाच्या शेडमध्ये मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवायचे. स्वतः तरुणपणी बरे खेळलेले, पुढचं सगळं मोबाइलवर बघून शिकलेले. बीम, म्हणजे वर चढून तोल सांभाळत कसरती करायची अरुंद तुळई, त्यांनी ओळखीच्या सुताराकडून सागवानाचा करून घेतला होता, वर रेक्झिन चढवलेलं. धड म्हणावी अशी मॅट एकच होती. बाकी सगळी पोती, आणि पोत्यांत तनीस, म्हणजे धान झोडपून उरलेला पेंढा. दिवाळीनंतर नवी तनीस निघाली की सर ओळखीच्या शेतकऱ्यांकडून बैलगाडीभर मागून आणायचे आणि पोरी पोती भरत बसायच्या. पावसाळ्यात त्या पोत्यांना कुबट वास सुटायचा, अंगाला खाज यायची, आणि घरी जाताना प्रत्येकीच्या वेणीत दोन-चार काड्या असायच्याच.

एका संध्याकाळी सरांनी सांगितलं, की मोठ्या जागतिक स्पर्धेत एखादी अवघड उडी जी मुलगी सर्वांत आधी करून दाखवते, तिचं नाव त्या उडीला देतात. झालं, आपलं नाव कुठल्या उडीला शोभेल यावर पोरींची भांडणं लागली. रोशनीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, ज्याच्यामुळं केली त्याचं नाव देलं तर?" सर गमतीत म्हणाले, दे की. त्यांना वाटलं पोरगी आपलंच नाव देणार. मनातल्या मनात ते थोडे सुखावलेही असावेत.

पहिलं नाव पडलं ते तलमले काकांचं. हे शहापूरला तिच्या गल्लीतले म्हातारे. दिवसभर दारात खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं माप काढायचे. रोशनी अंगणात हातांवर उभी राहिलेली दिसली की तिच्या आईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे, "पाय वर करून फिरते पोरगी. उद्या लगन कोण करन इच्यासंग?" आई बिचारी मान खाली घालून आत जायची. रोशनीने हातांवर उभं राहण्यालाच तलमले हे नाव देऊन टाकलं. मग शेडमध्ये ऐकू यायचं, आज तलमले काका चाळीस सेकंद उभे होते, आज काका डावीकडे कलले, आज काका तोंडावर आपटले. पोरी हसून लोळायच्या. ती हसायची नाही.

२६ जानेवारीला ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमात काका पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते. रोशनीने पाहुण्यांचं टेबल मागून घेतलं, ते ओढत नेऊन बरोब्बर काकांच्या समोर ठेवलं, आणि त्यावर हातांवर उभी राहिली ती दीड मिनिट हलली नाही. तिचे तळपाय आभाळाकडे आणि तोंड काकांच्या तोंडासमोर, उलटं. सबंध वेळ ती त्यांच्याकडे बघत होती. पहिली टाळी काकांनीच वाजवली. नंतर ते गावभर सांगत सुटले, आपल्या गल्लीतली पोरगी आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी रोशनीने नाव पुसलं. सरांनी कारण विचारलं तर म्हणाली, झालं त्यांचं.

हे सगळं मला भुरे सरांनी नंतर सांगितलं. त्या वेळी माझा जिम्नॅस्टिक्सशी संबंध इतकाच, की मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत एक बाई लागते, आणि शाळेत नवी लागलेली मी एकटी. नोकरी अजून पक्की झालेली नव्हती, त्यामुळे कोणी काही सांगितलं की मी हो म्हणायची. अशी मी कागदोपत्री संघाची व्यवस्थापक झाले. पोरींचे डबे सांभाळायचे, वेण्या घालायच्या, एसटीत कोणाला मळमळलं तर लिंबू द्यायचं, हे माझं काम. ते मी जीव लावून करत होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सांगायला जड जाणार आहे.

पहिल्या वर्षी विभागीय स्पर्धेला नागपूरला गेलो. तिथे आर्या नावाची एका मोठ्या क्लबची मुलगी होती. अंगात चकचकीत पोशाख, सोबत दोन-दोन प्रशिक्षक. सरावाच्या वेळी तिने रोशनीच्या केसांतून तनशीची एक काडी उपटली, नाकाजवळ नेली आणि मैत्रिणींना दाखवून नाक दाबलं. सगळ्या खिदळल्या. मीही तिथेच होते. मी रोशनीचे केस विंचरून दिले आणि म्हटलं, लक्ष देऊ नकोस. "ध्यानात ठेवतो," ती म्हणाली. त्या वर्षी व्हॉल्टला, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायच्या उडीला, आर्याचं नाव पडलं.

पुढच्या वर्षी त्याच हॉलमध्ये, आर्या बाजूला उभी असताना, रोशनी धावत आली, हात टेकले, हवेत उलटली आणि मॅटवर दोन्ही पाय एकत्र टेकवून उभी राहिली. पाऊलभरही सरकली नाही. मग केसांतून एक काडी काढली आणि आर्याच्या पायाजवळ टाकली. ती काडी तिने मुद्दाम घरून आणून वेणीत खोचली होती, हे मला माहीत होतं. वेणी मीच घातली होती. मला मनापासून आनंद झाला, आणि आजही आठवलं की होतो. लहान मुलींनी असं वागू नये वगैरे शिकवण माझ्याकडे वर्गात भरपूर असते, त्या दिवशी एकही आठवली नाही.

दुपारी बीम होता. निघायच्या आदल्या दिवशी तिच्या आईने घरी परित्राण पाठ, म्हणजे रक्षणासाठी बुद्धवचनांचं पठण, ठेवला होता आणि भंतेजींनी रोशनीच्या मनगटाला पांढरं सूत बांधलं होतं. तेवढं सूत हातात ठेवून ती बीमवर चढली. उत्तम केलं तिने, एकदाही डगमगली नाही. गुण लागले तेव्हा तीन दशांश कमी होते. भुरे सर विचारायला गेले तर पंच बाई म्हणाल्या, अंगावर काही घालायचं नाही असा नियम आहे, हिच्या मनगटाला धागा आहे. नियम खरा असेल. पण आर्याच्या मनगटाला देवळातला लाल धागा होता, चांगला चार वेढ्यांचा, आणि तिचा एक दशांशही कापलेला नव्हता.

विभागातून तिघी राज्य स्पर्धेला जाणार होत्या. गुण जोडले तर आर्या तिसरी येत होती. रोशनी एका दशांशाने चौथी.

हरकत घ्यायची तर निकाल जाहीर व्हायच्या आत, म्हणजे त्या दिवशी पाचच्या आत, लेखी द्यावी लागते, आणि ती व्यवस्थापकाच्याच सहीने. म्हणजे माझ्या. सर म्हणाले, मॅडम, लिहा लवकर. मी लिहिलं. चारच ओळी, पण नीट मुद्देसूद, वळणदार अक्षरात. दोन्ही धाग्यांचा उल्लेख केला. रोशनीला सोबत घेतलं, तिचं मनगट दाखवायला, आणि आयोजकांच्या टेबलाशी गेले.

तिथे जे साहेब बसले होते त्यांनी कागद हातातही घेतला नाही. फार गोड बोलले. मॅडम कोणत्या शाळेच्या, किती वर्षं झाली, कायम झालात का अजून, आपली फाइल कोणाच्या टेबलावर असते ते माहीतच असेल. मग म्हणाले, पोरगी लहान आहे, पुढच्या वर्षी येईलच. धमकी वगैरे काही दिली नाही. फक्त माझ्या शाळेचं नाव दुसऱ्यांदा विचारलं आणि समोरच्या वहीत लिहून घेतलं.

मी कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. रोशनी माझ्या पाठीमागे, बोलणं ऐकू येणार नाही इतकी लांब, मनगट पुढे करून उभीच होती. मी तिला म्हटलं, उशीर झाला गं, वेळ संपली.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. वेळ संपायला अजून बारा मिनिटं होती. मग तिने हात खाली घेतला. "ध्यानात ठेवतो, मॅडम."

मला वाटलं, पुढच्या वर्षी लवकर हरकत घ्यायची हे ती ध्यानात ठेवणार आहे. खरंच वाटलं. माणूस स्वतःला सोयीचं किती पटकन समजून घेतो. परतीच्या एसटीत तिने माझ्याकडून लिंबू घेतलं, थँक्यू मॅडमही म्हणाली. चार महिन्यांनी मी कायम झाले. शाळेत पेढे वाटले. रोशनीने पेढा घेतला आणि माझ्यासमोर खाल्ला.

त्यानंतर मी संघासोबत गेले नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाई गेल्या. त्या वर्षी जे घडलं ते सरांनी परत आल्या आल्या, बसस्टँडवरूनच मला फोनवर सांगितलं. बीमला पुन्हा त्याच पंच बाई होत्या. रोशनीचं नाव पुकारलं गेलं. तिने मनगटाचं सूत सोडलं, सरळ पंचांच्या टेबलाशी गेली आणि त्या बाईंच्या गुणपत्रिकेवर ते ठेवलं. "मॅडम, हे जरा सांभाळा, मी येतो." सबंध हॉल बघत होता. बाईंना ते उचलताही येईना आणि ढकलताही येईना. नव्वद सेकंद त्या सुताकडे बघत बसल्या. रोशनी उतरली, पंचांना हात वर करून सलाम केला, टेबलाशी परत आली, सूत उचललं आणि दाताने गाठ मारून तिथेच उभ्या उभ्या बांधलं. त्या वर्षी ती विभागात पहिली आली. सर सांगताना रडत होते आणि हसत होते. मी म्हटलं, वा, बरी जिरवली. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ स्वयंपाकाला हात लावला नाही.

रोशनी राज्य खेळली, दोनदा पदक आणलं. बारावीनंतर भंडाऱ्यातच कॉलेजला गेली, सराव सरांच्याच शेडमध्ये. येता-जाता भेटायची, नमस्ते मॅडम म्हणायची. तिच्या नमस्त्यात कुठे काही खोट नव्हती.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी शाळेचं गॅदरिंग जवळ आलं म्हणून मी शेडकडे गेले. दोन-चार मुली नाचात घ्यायच्या होत्या. दारात पोचते तोच आतून सरांचा आवाज आला, "कापगते, पुन्हा एकदा."

कापगते म्हणजे मी. मी म्हटलं, बोला सर.

लहान मुलींनी तोंडावर हात ठेवले. रोशनी बीमवर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, श्वास घेतला, हात टेकत मागे दोन हातउड्या घेतल्या आणि बीमच्या टोकावरून उडाली. अंग अगदी सरळ, कुठेही न वाकवता, हवेत स्वतःभोवती दोन पीळ. पोत्यांवर बसकण मारली. उठून अंगावरची तनीस झटकली आणि पुन्हा वर चढली.

सरांनी मला बाहेर नेलं आणि सगळं सांगितलं. तलमले काका, आर्या, पंच बाई, कोणाचं नाव कधी पडलं आणि कधी पुसलं ते सगळं. बीमवरून उतरायची ती शेवटची उडी तिची सगळ्यांत अवघड. तिला माझं नाव पडून पाच वर्षं झाली होती. "लय म्हटलं मी तिले, मॅडमचं नाव काढून टाक," सर म्हणाले. "तर म्हणते, त्या येतच नाही पाहाले."

घरी येईपर्यंत मला भयंकर राग आला होता. पाच वर्षं. रोज संध्याकाळी वीस वेळा माझ्या नावाने ती पडत होती आणि उठत होती, आणि सकाळी मला नमस्ते म्हणत होती. मी तिच्या वेण्या घातल्या, डबे सांभाळले, तापात तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आणि मी त्या पंच बाईंच्या रांगेत? मग मनात आलं, पंच बाईंनी निदान जे केलं ते समोर केलं. खोटं मी बोलले. तेही ती घड्याळ वाचू शकत असताना.

त्या गोड बोलणाऱ्या साहेबांचं नाव तिने कशालाच दिलं नाही. तो माणूस तिला माहीतही नव्हता, तिने फक्त माझी पाठ पाहिली होती. तो राग माझ्या वाट्याचा आहे. ते साहेब आता निवृत्त होऊन सुखात असतील. मला कोलांटी येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

पर्समधला कागद मी कधी फेकला नव्हता. पर्स बदलल्या, कागद या पर्समधून त्या पर्समध्ये जात राहिला. यंदा विद्यापीठाच्या निवड स्पर्धा नागपूरला होत्या, रोशनी त्यात होती. मी रजा टाकली आणि सकाळची एसटी धरली. एकच मनात होतं. मी समोर बसायचं, तिने ती उडी मारायची, आणि हे एकदाचं संपायचं. तलमले काकांना सोडलं, आर्याला सोडलं, पंच बाईंनाही सोडलं. मलाही सुटायचं होतं. अगदी पहिल्या रांगेत, बीमच्या समोर जागा धरली.

तिने मला पाहिलं. मान हलवली, ओळखीची.

आधीच्या तिन्ही साधनांवर ती पुढेच होती. बीमवर चढली. एक वळण, एक झेप, मग हातांवर उभी राहिली तेव्हा मला त्या म्हाताऱ्याची टोपी आठवली. शेवटी ती बीमच्या टोकाशी आली आणि पाठमोरी उभी राहिली. मी पर्स घट्ट धरली होती. शेजारी सर पुटपुटले, आता तुमचीच.

तिने मागे एकच हातउडी घेतली आणि एकच पीळ मारून उतरली. अगदी स्वच्छ. ही उडी ती शाळेत असतानाच शिकली होती, तिला कधीच कोणाचं नाव नव्हतं. सर उठून उभे राहिले. "हे काय केलं हिनं?" गुण थोडे कमी पडले, तरी मुळात पुढे होती म्हणून निवड झाली.

बाहेर पायऱ्यांवर ती बुटांच्या नाड्या बांधत होती. मी शेजारी बसले आणि तो कागद तिच्या हातात दिला. तिने उलगडला. घड्यांवर तो फाटायला आला होता. चारही ओळी तिने सावकाश वाचल्या, खाली माझी सही पाहिली.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," ती म्हणाली, आणि त्याच घड्यांवर घडी घालून कागद मला परत दिला.

मी विचारलं, माझी उडी का नाही मारलीस?

"तुमी समोर होत्या म्हणून."

मला कळलं नाही. ती नाडीची गाठ ओढत म्हणाली, "मारली असती त नाव पुसा लागलं असतं. बाकीच्यायले सोडलं मी, मॅडम. तुमाले नाही सोडत." मग तितक्याच शांतपणे, "अजून दोन वर्षं खेळायचं आहे मले. ती उडी लागते."

मी माफी मागायचं ठरवून आले होते. वाक्यं जुळवून आणली होती, व्याकरणशुद्ध. मी कागद पुन्हा पर्समध्ये ठेवला. ती वाक्यं बोलले असते तर तिने ती ध्यानात ठेवली असती, दुसरं काही केलं नसतं.

परतीला एसटी एकच. ती पुढे खिडकीशी, मी तीन सीट मागे. रस्ताभर तिने मागे वळून पाहिलं नाही. शहापूरला गाडी थांबली, ती खेळाची बॅग खांद्यावर टाकून उतरली. हायवेच्या कडेला नालीचा सिमेंटचा काठ आहे, वीतभरही रुंद नसेल. ती त्यावर चढली आणि एका पायासमोर दुसरा पाय ठेवत घराकडे चालू लागली, सातवीत व्हरांड्याच्या कठड्यावर चालायची तशीच. मनगटाचं सूत तेवढं उन्हात दिसत होतं. काठ संपतो तिथे ती थांबली आणि टोकाकडे पाठ करून उभी राहिली, बीमवरून उतरायच्या उडीआधी राहते तशी, तोंड बसकडे.

मी खिडकीची काच वर करायला गेले, ती अडकली होती. कंडक्टरने घंटी दिली. बस निघाली तेव्हा ती अजून काठावरच उभी होती.